सीलबंद 'जांभळा जिना'

रेकॉर्ड ही वाजवायची वस्तू आहे, असा समाजात एक गैरसमज आहे. तो दूर करण्याचा मी बरीच वर्षं प्रयत्न करतोय, पण सुरुवात घरातच फसल्यामुळे समाजापर्यंत पोचता आलेलं नाही. खरा संग्राहक रेकॉर्ड वाजवत नाही. तो ती मिळवतो, पुसतो, उभी ठेवतो (आडवी ठेवणाऱ्या माणसाशी मी संबंध ठेवत नाही) आणि आल्यागेल्याला दाखवतो. त्यातून एखादी कारखान्यातून निघाली तशी, प्लास्टिकसकट सीलबंद हाती लागली, तर तिला नखसुद्धा लावायचं नसतं. सील फुटलं की ती रेकॉर्ड आमच्यातून उठली. मग ती फक्त गाणी ऐकायच्या कामाची.

माझा विषय मर्यादित आहे. साठच्या दशकातले सायकेडेलिक रॉक वाजवणारे बँड, आणि त्यातही असे की ज्यांची नावं त्यांच्या घरच्यांनाही आठवत नसतील. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटार विहिरीच्या तळातून आल्यासारखी वाजते, गाणारा ढगाला पत्ता विचारतो, मध्येच कुणीतरी टेप उलटी फिरवतो, आणि कव्हरवरचे रंग असे ओघळलेले असतात की छापखान्यात पाणी शिरलं होतं की काय असं वाटावं. 'झोपलेले डॉक्टर', 'अकरा बोटं', 'चंद्रावरची बेकरी' हे माझे लाडके. बहुतेक बँड एका रेकॉर्डनंतर फुटले. का फुटले असतील, असं मी एकदा जेवताना हळहळलो, तर बायको म्हणाली, "त्यांनी स्वतःची रेकॉर्ड ऐकली असेल."

या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'जांभळा जिना' या बँडची त्याच नावाची एकुलती एक रेकॉर्ड. सीलबंद. बैठकीच्या खोलीत, ऊन पोचणार नाही अशा भिंतीवर, काचेच्या चौकटीत. मी ती कधीही ऐकलेली नव्हती हे ओघानंच आलं. पण तिच्याबद्दल मी काय काय बोलत असे! "यातला ऑर्गन," मी पाहुण्यांना सांगायचो, "ऐकताना पायाखालची फरशी सरकते." आमच्या संग्राहकांच्या मंडळात एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सगळे दर्दी म्हणतो. त्यांच्याकडेही हिची एक प्रत आहे, तीही अर्थात सीलबंद, आणि तिच्यावर त्यांनी एक लांबलचक लेख लिहिला आहे. त्यातला दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याविषयीचा भाग वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जगात या रेकॉर्डच्या ज्या काही प्रती उरल्या असतील त्या अशाच जाणत्या लोकांकडे आहेत, म्हणजे एकही कुणी उघडलेली नाही.

माझी बायको कान तपासायच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांना कानाची यंत्रं बसवून देते आणि घरी येऊन माझं काहीही ऐकत नाही. एका संध्याकाळी पर्स टेबलावर टाकता टाकता तिनं विचारलं, "अहो, तुमच्या त्या जिन्यात ऑर्गन कोण वाजवतं?"

तिनं आपण होऊन माझ्या विषयाला हात घालण्याचा तो पहिलाच प्रसंग. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अज्ञात," मी घसा साफ करून म्हणालो. "कव्हरवर एकाचंही नाव नाही. फक्त रंगवलेले चेहरे. ऑर्गनवाला बहुधा तो हिरवा."

"हिरवी," ती म्हणाली. "आज माझ्यासमोर बसल्या होत्या."

मग तिनं सांगितलं ते असं. बाईंनी एका दुपारी, उसन्या आणलेल्या ऑर्गनवर ती अख्खी रेकॉर्ड वाजवली, त्यातलं एक गाणं गायलं, आणि बँडला स्वतःची प्रत मिळायच्या आत कंपनीला टाळं लागलं. मंडळी पांगली. बाईंनी पुढे सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. आपलं वाजवणं मात्र त्यांनी एकदाही ऐकलेलं नाही. आता डावा कान पूर्ण गेलाय आणि उजव्याचा भरवसा नाही.

"एकदा ऐकायचंय म्हणाल्या. उजवा आहे तोवर. फार काही मागितलं नाही त्यांनी."

"मग तू काय सांगितलंस?"

"आमच्या घरी आहे, रविवारी या म्हटलं."

मला पाणी प्यावं लागलं. मी तिला सीलचं महत्त्व पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावलं. त्यांना कव्हर दाखवू, म्हणालो. चौकटीतून काढून हातात देऊ, हवं तर फोटो काढू. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कव्हर ऐकू येत नाही." कानाच्या दवाखान्यातल्या माणसाशी याबाबतीत वाद घालता येत नाही.

आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट दोन जिन्यांच्या वर गुप्त राहत नाही. वरच्या मजल्यावर पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर राहतात. त्यांना सगळे पाणीखातं म्हणतात, आणि जगातला प्रत्येक प्रश्न मुळात पाइपाचा असतो अशी त्यांची श्रद्धा आहे. ते टॉर्च घेऊनच आले. "वरून फोडायचं कशाला? खालच्या कडेला बारीक चीर द्या, रेकॉर्ड सरकवून काढा, वाजवा, परत आत घाला. आम्ही रस्ता न खोदता लाइन बदलायचो." त्यांच्या मागून तळमजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी किटलीची वाफ सुचवली. वाफेवर धरलं की चिकटवलेलं काहीही उघडतं आणि परत बसतंही, असा त्यांचा पूर्वीचा अनुभव होता. कुणाची पाकिटं, असं पाणीखात्यांनी विचारल्यावर काकूंनी विषय बदलला.

मी दर्दींना फोन केला. रेकॉर्ड अजून चौकटीतच आहे ना, ते त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "उघडणार असाल तर यापुढे मला फोन करू नका."

"बरं," मी म्हणालो.

"म्हणजे, ऐकल्यावर एकदा करा. कशी आहे ते सांगा."

"तुम्ही तर लेख लिहिलाय."

"तेच ताडून बघायचंय," दर्दी म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी मावशी आल्या. मावशी म्हणजे त्या ऑर्गनवाल्या बाई. दारात पाऊल टाकल्याबरोबर त्यांना मावशी म्हणायचं हे इमारतीनं परस्पर ठरवून टाकलं. चण लहान, पर्स मोठी, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा असतो तसा आवाज खणखणीत. आत आल्या, भिंतीपाशी गेल्या आणि चौकटीला नाक लावून ओरडल्या, "ही बघा मी! हा हिरवा रंग भिंतीचा होता, भिंतीचा! निघेना. आईनं दारातच उभं केलं होतं मला." मग हसल्या, चौकटीच्या काचेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळल्या.

"किती जपलंय हो तुम्ही. आमच्याकडे तर या गोष्टीचं नाव काढायची सोय नव्हती. काचेत लावलंय कुणीतरी, मला माहीतच नव्हतं." त्यांना सीलचं प्रकरण कुणी सांगितलं ते देव जाणे, बहुधा जिन्यातच कळलं असावं. "उघडू बिघडू नका. राहू दे. हेच पुष्कळ झालं माझ्यासाठी." आणि त्या पर्स उचलून खरोखरच निघाल्या.

मी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज नाकारण्याच्या विभागात काम करतो. विभागाचं नाव वेगळं आहे, काम हे आहे. लोक माझ्यासमोर रडतात, टेबल बडवतात, माझ्या वरिष्ठांची नावं घेतात, आणि माझ्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पण मागायला आलेलं माणूस न मागता आभार मानून परत निघालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्याला काय उत्तर द्यायचं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मी स्वतः उठून ब्लेड आणलं.

पुढचा सोहळा मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून कानशिलं तापतात. खोलीत अर्धी इमारत. पाणीखातं टॉर्च धरून उभे. बायकोनं मावशींची खुर्ची स्पीकरला लागून ठेवली, उजवा कान स्पीकरकडे येईल अशी. मी ब्लेड फिरवलं. प्लास्टिक सुटल्याचा आवाज आला. रेकॉर्ड बाहेर काढली. काळीभोर, आरशासारखी. मधल्या लेबलवर जांभळ्या अक्षरांत 'जांभळा जिना'. मी चारचौघांसमोर दोन शब्द बोललो, त्या काळाबद्दल, त्या ऑर्गनबद्दल, आणि सुई ठेवली.

एक करडा पुरुषी आवाज म्हणाला, "सावधान! ताठ उभे राहा. हनुवटी वर. हात समोर. एक... दोन..."

मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "प्रस्तावना आहे ही," मी हलक्या आवाजात म्हणालो. "त्या काळी असे प्रयोग व्हायचे."

"कंबरेत वाका. श्वास सोडा," तो माणूस म्हणाला. मागे कुणीतरी पियानोवर सरळसोट ठेका धरला होता.

"यातला उपरोध लक्षात घ्या," मी डोळे मिटून म्हणालो. खरंच मिटले होते. खांद्याचा व्यायाम झाला, मानेचा झाला. उपरोध फारच लांबला. डोळे उघडले तर काकू भिंतीला धरून गुडघे वाकवत होत्या आणि पाणीखात्यांचा श्वास टॉर्चसकट वरखाली होत होता. मावशी कान स्पीकरला टेकवून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हा कोण मेला? आमच्यात कुणी एवढं शिस्तीचं नव्हतं."

दुसरी बाजू लावली. दुसऱ्या बाजूला पाय होते.

अशा वेळी माणसानं काय करावं? ज्या रेकॉर्डवर आपण वर्षानुवर्षं बोललो ती शाळेतली कवायत निघाली, हे भर सभेत उघडकीला आलं तर जमीन दुभंगण्याची वाट बघावी. आमची फरशी तेवढी दर्जेदार नाही. मी कव्हर उलटसुलट करून बघायचं नाटक करत राहिलो. बायकोनं मात्र रेकॉर्ड हातात घेतली, लेबल निरखलं आणि म्हणाली, "लेबलं उलटी लागली असणार. एकाच कारखान्यात दोन्ही निघाल्या असतील. जिन्याचं लेबल कवायतीला लागलं, तर कवायतीचं जिन्याला लागलं असेल ना?"

तिनं तेच वाक्य मावशींच्या उजव्या कानाशी पुन्हा म्हटलं. मावशींनी ते समजून घेतलं, आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "म्हणजे आम्हाला कुणीतरी ऐकलंय!" त्या म्हणाल्या. "मला इतकी वर्षं वाटत होतं, कुणी म्हणता कुणी ऐकलं नाही. व्यायाम करायला म्हणून का होईना, लावलं असेल कुणीतरी!"

मी दर्दींना फोन करून झाला प्रकार सांगितला आणि त्यांची प्रत उघडून बघायला सुचवलं. "सील तोडून? तुम्हाला वेडबिड लागलंय का?" ते म्हणाले. "आणि कवायत असेल तर ती प्रतीकात्मक असेल." लेखात त्यांनी आजतागायत दुरुस्ती केलेली नाही.

तेव्हापासून मी कवायतीच्या रेकॉर्डी गोळा करू लागलो. कव्हरवर बनियन घातलेला एक पिळदार माणूस, वर नाव 'आरोग्याची कवायत', खाली त्याच बुडालेल्या कंपनीचं चिन्ह. जुन्या बाजारात ही रेकॉर्ड ढिगानं मिळते, कारण ती घेऊन कुणीही दुसऱ्या दिवसानंतर कवायत केलेली नाही. ज्या दुकानदारानं एकेकाळी 'अकरा बोटं' माझ्यासाठी गल्ल्याखाली लपवून ठेवली होती, जो मला चार लोकांत जाणकार म्हणायचा, तो आता रस्त्याच्या पलीकडून ओरडू लागला, "व्यायामवाले! आलीय हो!" आणि बाजारातली माणसं वळून आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघायची. ऑफिसात बातमी पोचली. साहेबांनी एकदा लिफ्ट सोडून माझ्याबरोबर जिना चढत आपुलकीनं सांगितलं, "या वयात एकदम सुरू करू नका, हळूहळू."

इमारत मात्र पेटून उठली होती. कुणी मेव्हण्याच्या माळ्यावरून प्रत आणली, कुणी बंद पडलेल्या तालमीतून. दर रविवारी मावशी यायच्या, खुर्चीत बसायच्या, आम्ही सुई ठेवायचो, आणि तो पिळदार माणूस म्हणायचा, "सावधान!" कवायती ढीगभर निघालेल्या, त्यांतल्या उलट्या लेबलाच्या मोजक्याच असणार; दर वेळी मी नव्यानं आशा धरायचो आणि दर वेळी तोच. मावशी कधीही निराश दिसल्या नाहीत. "असू दे," म्हणायच्या, "कुठेतरी आहोत आम्ही." काकूंचे गुडघे इतके सुधारले की त्यांनी त्यातली एक प्रत कायमची नेली. पण मी बघत होतो, खुर्ची दर रविवारी थोडी थोडी पुढे सरकत होती. एके दिवशी मावशी गेल्यावर बायको म्हणाली, "त्यांचं यंत्र आता शेवटच्या खुणेवर आहे. याच्यापुढे बटण फिरत नाही." मग आम्ही दोघंही कव्हरं आवरत बसलो.

मार्ग शेवटी पाणीखात्यांनी काढला. "नळाला पाणी नाही म्हणून तुम्ही नळच बघत बसलात," ते म्हणाले. "टाकीकडे जा. एवढ्या कवायती घेतल्या कुणी? शाळांनी. शाळांना पुरवल्या कुणी?" ही एक गोष्ट त्यांनी पाइपात बोलूनही बरोबर सांगितली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शिक्षण खात्याचं साहित्य भांडार गावाच्या दुसऱ्या टोकाला निघालं. मी रजा टाकली. मावशी म्हणाल्या, मीही येते.

भांडाराच्या साहेबांच्या टेबलावर पृथ्वीचे गोल होते, त्यांच्यामागे ते होते. मी हकिगत सांगितली. त्यांनी डोळे न मिटता ऐकली, हे विशेष.

"कवायतीची रेकॉर्ड क्रीडासाहित्यात येते," ते म्हणाले.

"पण तिच्यात गाणी आहेत."

"मग ती संगीतसाहित्यात गेली पाहिजे. पण तशी नोंद नाही, म्हणजे ती तिथे नाही."

"कवायतीत नोंद आहे ना? त्याच ऐकून बघू."

"त्या केव्हाच निकालात काढल्या. निकालात काढलेली वस्तू नसते. नसलेली वस्तू ऐकायला कशी देणार?"

"एखादी शिल्लक असेल..."

"शिल्लक असेल तर ती फक्त शाळेला देता येते. तुम्ही शाळा आहात का?"

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, माझे हात जोडले गेले. कुठेही आवाज चढवला नाही, कुठेही फट नाही, आणि समोरचा माणूस आपणच चुकलो असं मानून उठेल अशी पक्की व्यवस्था. मी हे रोज करतो, पण समोर बसून ते कधी पाहिलं नव्हतं. समोर बसल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. (गेल्या महिन्यात मी सलग काही अर्ज मंजूर केले. विभागात चौकशी चालू आहे.)

"काय म्हणतात?" मावशींनी विचारलं.

"नाही म्हणतात," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

"नाही म्हणजे? त्यांना नीट सांगितलंत का तुम्ही?" आणि मावशींनी स्वतः सांगायला घेतलं. त्यांच्या समजुतीनं त्या साहेबांच्या कानाशी कुजबुजत होत्या. प्रत्यक्षात भांडारातल्या सगळ्या टेबलांनी, बाहेरच्या व्हरांड्यानं आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ती गोष्ट ऐकली. भिंतीचा हिरवा रंग, उसना ऑर्गन, बंद पडलेली कंपनी, सावधान म्हणणारा मेला. "मला ती नको हो. तुमची तुम्ही ठेवा," मावशी म्हणाल्या. "मला एकदा ऐकू द्या. कान चाललाय माझा."

लांबच्या टेबलावर टाइप करणाऱ्या बाईंचा हात थांबला होता. साठीला आलेल्या असाव्यात. त्या उठून आमच्याकडे आल्या. "आमच्या शाळेत ड्रिल गाण्यावर व्हायचं," त्या मावशींच्या चुकीच्या, माझ्या बाजूच्या कानात म्हणाल्या, म्हणून ते फक्त मला ऐकू आलं. "मुलींची शाळा. कव्हरवर तो बनियनवाला, आणि आत एक मुलगी गायची. आम्हाला वाटायचं, सगळ्याच शाळांत असंच असतं."

साहेबांनी पृथ्वीचा एक गोल सरकवला. "याची नोंद नाही," ते म्हणाले, पण आम्ही तोवर दारात होतो आणि टाइप करणाऱ्या बाई रस्ता कसा आहे ते हातवारे करून सांगत होत्या. त्यांना ड्रिल शिकवणाऱ्या बाई अजून शाळेच्या मागच्या गल्लीतच राहत होत्या.

दार त्यांनीच उघडलं. वयानं मावशींच्या पुढच्याच, पण पाठ अशी ताठ की मी नकळत पोट आत घेतलं. मी भांडाराचं नाव काढायची चूक केली.

"माझ्याकडे शाळेची एकही वस्तू नाही," बाई म्हणाल्या आणि दार लोटू लागल्या.

"वस्तू परत न्यायला नाही आलो. फक्त ती कवायतीची..."

"असली कुठलीही रेकॉर्ड माझ्याकडे नाही."

मी रेकॉर्ड हा शब्द उच्चारलाही नव्हता. पण एवढ्याशा आधारावर मी दारात पाय घालणाऱ्यांतला नव्हे. पोचलो होतो, आणि परत फिरत होतो. मावशींना वळवायला मी त्यांच्या हाताला धरलं.

"आहे का त्यांच्याकडे?" मावशींनी विचारलं. मी नाही अशी मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारा तरी, अशीच होती का?" आणि दाराच्या चौकटीवर बोटांनी ठेका धरून त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. आवाज चिरका झालेला, सूर इकडेतिकडे. मी ते गाणं जन्मात ऐकलं नव्हतं. पण समोर ड्रिलच्या बाईंची टाच उचलली गेली. मग दुसरी. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पाय मात्र आपले आपण ठेक्यात वरखाली होत होते. बाईंनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग मावशींकडे बघितलं, आणि दार पूर्ण उघडलं.

रेकॉर्ड पलंगाखालच्या पेटीत, जुन्या साडीत गुंडाळलेली होती. मी संग्राहक आहे, माझी नजर आधी तिच्या अंगावर गेली. इतकी झिजलेली रेकॉर्ड मी आयुष्यात पाहिली नाही. काळा रंग जाऊन राख फासल्यासारखी करडी झालेली, आणि दुसऱ्या बाजूला शेवटच्या गाण्याच्या तोंडाशी तर बारीक चरांचं नुसतं जाळं. पुन्हा पुन्हा, घाईघाईनं, तिथेच कुणीतरी सुई आणून ठेवलेली. आमच्या मंडळात ही कुणी फुकटही घेतली नसती. मी ती दोन्ही हातांनी धरली होती.

बाईंचा प्लेअर जुना होता, पण चालू होता. मावशी खाली जमिनीवरच बसल्या, उजवा कान स्पीकरच्या जाळीला टेकवून. मी त्यांच्या कानाच्या यंत्राचं बटण तपासलं, शेवटच्या खुणेवरच होतं. बाईंनी शेवटच्या गाण्यावर सुई अशी अचूक ठेवली की न बघताही ठेवली असती. आधी नुसती खरखर झाली. मग खरखरीतून ऑर्गन वर आला. गिटार होती, विहिरीत होती. आणि एक कोवळी, धीट पोरगी गायला लागली.

मावशींनी डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, तोंड जरासं उघडं ठेवून. मध्येच एका ठिकाणी दचकल्या. "इथे चुकले मी!" त्या ओरडल्या. "ऐकलंत? सूर निसटला माझा!"

"तिथे आम्ही उडी मारायचो," ड्रिलच्या बाई म्हणाल्या.

फरशी सरकली नाही. दर्दींच्या लेखात लिहिलं होतं तसलं काहीच त्या गाण्यात नव्हतं. पण मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला मनापासून सगळ्यांचे पाय धरावेसे वाटत होते. बायकोचे, पाणीखात्यांचे, काकूंचे, टाइप करणाऱ्या बाईंचे, आणि लेबलं चिकटवताना ज्याचं लक्ष दुसरीकडे होतं त्या अनोळखी माणसाचे तर सगळ्यात आधी. हे गाणं माझ्या भिंतीवर आलं असतं तर काचेत बसलं असतं.

गाणं संपलं. सुई लेबलापाशी जाऊन खरखरत राहिली, आणि ती उचलायला कुणी उठलं नाही. मावशी ड्रिलच्या बाईंकडे वळल्या. "तुम्हाला कळलं नव्हतं का हो, भलतीच रेकॉर्ड आलीय ते?"

"कळलं की. पहिल्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "भांडाराकडे तक्रार करणार होते. मग म्हटलं, नको. बदलून घेऊन जातील."

मावशींनी उजवा कान त्यांच्याकडे केला. "ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या.

ऐकू आलेलं होतं, मी त्यांचा चेहरा बघत होतो. बाई जरा पुढे वाकल्या आणि त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यांदा.